हालचालीची मात्रा : फिजिओथेरपीतलं काय टिकलं, काय गळलं

कंबरेत उसण भरते, गुडघा धरतो, मोडलेल्या हाताचं प्लास्टर निघतं तेव्हा कोपर आखडलेलं असतं, घरातल्या वडीलधाऱ्यांना अर्धांगाचा झटका येतो. या सगळ्यांच्या चिठ्ठीवर डॉक्टर शेवटी एक ओळ लिहितात, 'फिजिओथेरपी घ्या.' पुढे काय घडतं ते पेशंट कुठल्या क्लिनिकची पायरी चढतो यावर ठरतं. कुठे दहा दिवस शेक आणि करंट मिळतो. पेशंट पालथा पडून राहतो, मशीनची शिट्टी वाजली की उठून घरी जातो. कुठे पहिल्याच दिवशी त्याला वाकायला, उठायला, चालायला लावून नीट पाहतात, दुखतं कधी आणि थांबतं कधी हे विचारतात, आणि घरी करायचे दोन-तीन व्यायाम पक्के करून घेतात. दोन्ही ठिकाणच्या पावतीवर उपचाराचं नाव एकच असतं. गेल्या चाळीस वर्षांत झालेल्या चाचण्यांनी मात्र या दोहोंतलं अंतर बरंच स्पष्ट केलं आहे. त्या वाचून माझं मत असं झालं आहे की, पेशंटने स्वतः केलेली, मोजून-मापून वाढवत नेलेली हालचाल हा या शास्त्राचा गाभा आहे, आणि आपल्याकडे नेमका तोच भाग सगळ्यात कमी वाट्याला येतो.

हा गाभा जुनाच आहे. स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली व्यायामशास्त्राची संस्था काढली, तेव्हा उपचारासाठी व्यायाम हा तिथल्या शिक्षणाचा एक विभाग होता. लंडनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालीशकर्त्या स्त्रियांची संघटना बांधली. आजची चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी ती हीच. पुढे पहिल्या महायुद्धाने हातपाय जायबंदी झालेले हजारो तरुण मागे ठेवले आणि पोलिओने मुलं. पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय त्या काळी फळ्यांत आणि प्लास्टरमध्ये बांधून ठेवत, ते वाकडे होऊ नयेत म्हणून. ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या एलिझाबेथ केनी यांनी उलट वाट धरली. गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या लोकरी कापडाने त्या दुखरे स्नायू शेकत आणि लगेच सांधे हलवू लागत, मुलाला स्वतः हलवायला शिकवत. स्नायूंना नेमकं काय झालं आहे याबद्दलची त्यांची उपपत्ती टिकली नाही, उपचार टिकला. १९४० साली त्या अमेरिकेत गेल्या आणि दोन वर्षांत मिनिआपोलिसला त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली.

भारतात हे शास्त्र मुंबईतून आलं, तेही पोलिओच्या पाठीवरून. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला शहरात पोलिओच्या साथी येत होत्या. १९५३ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. १९५५ मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. आज गावोगावच्या बोर्डांवर दिसणारी बीपीटी ही पदवी त्या वर्गांची वारस आहे. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, पण तोवर या विद्येकडे दुसरी कामं भरपूर जमली होती.

हालचाल का लागते, हे समजायला हालचाल बंद केल्यावर काय होतं ते पाहावं. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं. त्यांची श्रम करण्याची शारीरिक क्षमता किती घसरली हे मोजलं गेलं. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा बोलावून मोजमाप केलं. विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, तेवढं मधल्या तीस वर्षांच्या वयवाढीनेही केलेलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांत हे आणखी झपाट्याने होतं; एका प्रयोगात धडधाकट ज्येष्ठांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू दहा दिवसांच्या पलंगवासात गेला. आपल्याकडे आजीला ताप आला की पंधरा दिवस 'उठू नको, पडून राहा' असं मायेने सांगितलं जातं. ताप उतरल्यावर आजीला संडासापर्यंत जाता येत नाही, तेव्हा दोष वयाला दिला जातो.

सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला-सुटला की त्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. हाडावर भार आला की हाड मजबूत होतं. दुखावलेला स्नायुबंध आधी सुजतो, मग काही आठवडे तिथे नवे धागे भरतात, आणि पुढचे कित्येक महिने ते धागे ज्या दिशेने ताण पडतो त्या दिशेने नीट लागत जातात. ताण पडलाच नाही तर ते कसेही गुंतून राहतात. म्हणून मुरगळलेल्या घोट्याला पहिले एक-दोन दिवस सांभाळायचं, पण पंधरा दिवस उशीवर ठेवून बसायचं नाही. बर्फाचंही तसंच आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंचावणं हा चार सूत्रांचा नियम १९७८ साली डॉ. गेब मर्किन यांनी रूढ केला, आणि पुढे त्यांनीच लिहिलं की बर्फाने वेदना कमी होते पण भरून येण्याला उशीर लागू शकतो. घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल तर एक्स-रे काढावा. नाहीतर लवकर चालायला लागावं आणि मग एका पायावर तोल सांभाळायचा सराव करावा. तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळणं या सरावाने कमी होतं. हा भाग आपल्याकडे जवळजवळ कुणालाच सांगितला जात नाही.

आता कंबर. फिजिओथेरपीच्या दारात सगळ्यात मोठी रांग हिचीच. २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी माणसं कंबरदुखीने त्रस्त होती. उपचाराच्या इतिहासात सगळ्यात जास्त चुकाही इथेच झाल्या. अनेक दशकं कंबरदुखीवर सक्तीची विश्रांती दिली जायची, लाकडी फळीवर झोपवायचे, पायाला वजनं बांधायचे. १९८६ साली रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ पेशंटांवर साधा प्रयोग केला: काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना सात. दोन दिवसवाले तितकेच बरे झाले आणि त्यांनी कामाचे ४५ टक्के कमी दिवस गमावले. १९९५ मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर त्याच्या पुढची चाचणी झाली. एका गटाला पलंग, एकाला ठराविक व्यायाम, एकाला 'जमेल तितकं रोजचं काम चालू ठेवा' एवढाच सल्ला. तिसरा गट सगळ्यांत लवकर सावरला. ताज्या दुखण्यात ठराविक व्यायामांचीही घाई नको, असा त्याचा अर्थ. जुनाट झालेल्या कंबरदुखीत मात्र व्यायामाचं काम सुरू होतं.

मग एमआरआय आला आणि घोटाळा वाढला. 'मणक्यात गॅप आली', 'गादी सरकली', 'नस दबली' ही वाक्यं ऐकून माणूस इतका धास्तावतो की वाकणंच सोडतो. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना कसलंच दुखणं नाही अशा लोकांचे मणक्याचे फोटो एकत्र केले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. गादी फुगल्याचं चित्र विशीतल्या ३० टक्क्यांत होतं. म्हणजे फोटोतली झीज पुष्कळदा केस पिकण्याच्या जातीची असते. दुखणं खरं असतं. त्याचं कारण ती झीजच असेल असं नाही. पेशंटला हे शांतपणे, वेळ देऊन समजावणं हा मी उपचारच मानतो, कारण भीती गेल्याशिवाय तो वाकत नाही आणि वाकल्याशिवाय पाठ मोकळी होत नाही.

काही खुणा मात्र कधीच दुर्लक्षू नयेत. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बैठकीची जागा बधिर होणं, पाय झपाट्याने लुळा पडत जाणं, ही तासांत दवाखाना गाठायची लक्षणं आहेत. रात्रीची न थांबणारी कळ, बारीक ताप, घटतं वजन असेल तर आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आधी आठवला पाहिजे. अशा पाठीला मालीश करून किंवा ताणून नुकसान होतं. चांगला फिजिओ पहिल्या भेटीत हे प्रश्न विचारतोच.

मशीनांबद्दल आता सरळ बोलायला हवं. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम, समजावणी, वर्तनोपचार, हाताने केलेली मणक्याची हाताळणी आणि मालीश यांची तिने शिफारस केली. ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स नावाचा करंट, कमरेचे पट्टे यांना तिने नित्याच्या उपचारातून वगळायला सांगितलं. आपल्या बहुसंख्य क्लिनिकांत पेशंट ज्या खोलीत पहिली वीस मिनिटं घालवतो, त्या खोलीतली जवळजवळ सगळी यंत्रं या नकोच्या यादीत येतात. करंटामागे तत्त्व नाही असं नाही. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलं की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेचे संदेश अडवू शकतात, आणि टेन्सची कल्पना त्यातूनच निघाली. काहींना तेवढ्या वेळेपुरता आराम पडतोही. आखडलेल्या बोटांना मेणाचा शेक देऊन लगेच ती हलवून घेतली तर त्या शेकाचं चीज होतं. रंगीत चिकटपट्ट्यांचंही तेच. जपानच्या केन्झो कासे यांनी त्या बनवल्या, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये त्या जगभर दिसल्या, पण त्यांचा फायदा चाचण्यांत फार तुटपुंजा निघाला. माझी तक्रार एवढीच आहे की शेकावरच भेट संपते. दहाव्या दिवशी पेशंटला स्वतःच्या पाठीबद्दल काहीच नवं कळलेलं नसतं, आणि पुढची उसण भरली की तो पुन्हा त्याच मशीनकडे येतो.

गुडघ्याच्या बाबतीत व्यायामाची तुलना थेट सुरीशी झाली आहे, आणि तिचे निकाल मला आजही थक्क करतात. गुडघ्यातली चकती झिजून फाटली की दुर्बिणीने ती कापून काढतात. २०१३ साली अमेरिकेत अशा ३५१ पेशंटांना, ज्यांच्या गुडघ्यात झीजही होती, शस्त्रक्रिया किंवा फिजिओथेरपी दिली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या कामात लक्षणीय फरक नव्हता. फिजिओथेरपीच्या गटातल्या ३० टक्के लोकांनी मधेच शस्त्रक्रिया करून घेतली, म्हणजे व्यायाम सगळ्यांना पुरला नाही, बाकीच्यांना पुरला. त्याच वर्षी फिनलंडमध्ये १४६ जणांपैकी निम्म्यांवर नुसता शस्त्रक्रियेचा देखावा केला, छेद दिले पण चकतीला हात लावला नाही. वर्षभराने दोन्ही गटांची सुधारणा सारखीच. २०२० साली झिजलेल्या गुडघ्यांवर स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि फिजिओथेरपी यांची तुलना १५६ पेशंटांत झाली. वर्षअखेर फिजिओथेरपीवाल्यांचं दुखणं आणि अडचण कमी होती. तरुण खेळाडूंच्या तुटलेल्या एसीएल बंधावरही स्वीडनमध्ये १२१ जणांत चाचणी झाली. आधी व्यायाम, गरज पडली तरच शस्त्रक्रिया, असं ठरवलेल्या गटातल्या सुमारे निम्म्यांना पाच वर्षांत शस्त्रक्रिया लागलीच नाही. उरलेल्या निम्म्यांना लागली, हेही तितकंच खरं. पुन्हा कबड्डीच्या मैदानात उतरायचं असणारा मुलगा आणि शेतावर चालणारा त्याचा चुलता यांचा निर्णय एक असणार नाही.

'वंगण संपलं, आता चालू नका' हा सल्ला मात्र या सगळ्या पुराव्याच्या विरुद्ध आहे. मांडीचा पुढचा स्नायू दुबळा झाला की गुडघ्यावरचा भार वाढतो. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पायरी चढणं-उतरणं, सावकाश वाढवत नेलेलं चालणं, एवढ्यानेच पुष्कळांचं दुखणं सहन होण्याइतकं खाली येतं. आणि इथे आपल्या जगण्याची एक गोष्ट परदेशी प्रश्नावल्यांत सापडत नाही. खुर्चीतून उठायला गुडघा नव्वद-शंभर अंश वाकला तरी भागतं. उकिडवं बसायला १३० च्या पुढे जावं लागतं. देवापुढे मांडी घालणं, चुलीपुढे बसणं, शेतात निंदणी करणं, भारतीय पद्धतीचा संडास, सगळं त्या पुढच्या अंशांत आहे. निंदणी करणाऱ्या बाईला 'खाली बसू नका' म्हणणं म्हणजे रोजगार सोडा म्हणणं. तिचा उपचार तिच्या कामापासून मागे मोजत आखायला हवा: किती वेळ बसायचं, मधे कधी उठायचं, कोणते स्नायू आधी तयार करायचे.

स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांचं दुखणं चिवट असतं. स्वीडनच्या होकान अल्फ्रेडसन यांनी १९९८ साली टाचेमागची कंडरा दुखणाऱ्या १५ धावपटूंना पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायला लावलं. गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, पंधराच्या तीन-तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज १८० वेळा, बारा आठवडे, थोडं दुखलं तरी. सगळे पुन्हा धावू लागले. टेनिस एल्बोत इंजेक्शनने सहा आठवड्यांत झकास वाटतं, पण वर्षभरात तेच पेशंट मागे पडतात आणि दुखणं उलटतं, हे ऑस्ट्रेलियातल्या १९८ जणांच्या चाचणीत २००६ साली दिसलं. त्याच सुमारास सचिन तेंडुलकरच्या कोपराने महाराष्ट्रातल्या घराघरात हे नाव पोहोचवलं होतं. त्याला अखेर शस्त्रक्रिया लागली. कणीक मळणाऱ्या, पिळे पिळणाऱ्या ज्या हजारो हातांना हाच आजार होतो त्यांतल्या बहुतेकांना ती लागत नाही. गोठलेल्या खांद्याचा, जो मधुमेहींना जास्त पकडतो, धडा संयमाचा आहे. ब्रिटनमध्ये ५०३ जणांत फिजिओथेरपी आणि दोन प्रकारच्या शस्त्रक्रिया ताडून पाहिल्या. वर्षाच्या शेवटी कुठलाच पर्याय ठळकपणे पुढे नव्हता. खांदा महिनोन्‌महिने घेतो. हे आधी सांगितलं तर माणूस दर पंधरवड्याला नवा डॉक्टर शोधत नाही.

मज्जारज्जूच्या दुखापतीत या विद्येने केलेलं काम मला सगळ्यात मोठं वाटतं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कमरेखाली लुळा पडलेला माणूस शय्याव्रणांनी आणि लघवीच्या संसर्गाने दगावणारच, असं गृहीत धरलं जाई. १९४४ पासून इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमान यांनी पेशंटांची कूस दर दोन तासांनी बदलायला लावली, हातांची ताकद वाढवली, त्यांना खेळायला लावलं. १९४८ मधल्या तिथल्या धनुर्विद्येच्या स्पर्धेतून पॅरालिम्पिक उभं राहिलं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पोहणं त्यांच्या हाती आलं ते उपचार म्हणून, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं.

पक्षाघातात 'मात्रा' हा शब्द अक्षरशः लागू होतो. एडवर्ड टाउब यांच्या पद्धतीत चांगला हात मोज्यात बांधून ठेवतात आणि लुळ्या हाताकडून दिवसभर काम करून घेतात. अमेरिकेत २२२ पेशंटांना झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांनी दोनच आठवडे हे दिलं आणि सुधारणा वर्षभर टिकली. ज्यांच्या मनगटा-बोटांत आधीच थोडी हालचाल होती त्यांच्यासाठीच हे आहे, पण 'सहा महिने झाले, आता काही होणार नाही' या समजाला त्याने धक्का दिला. दुसऱ्या टोकाला, झटक्यानंतर पहिल्या चोवीस तासांतच पेशंटला जास्तीत जास्त वेळ उठवून बसवलं-चालवलं तर लवकर बरं वाटेल, या आशेवर पाच देशांत २१०४ जणांची चाचणी झाली. निकाल उलटा आला: चांगले सावरलेले ४६ टक्के, नेहमीच्या उपचारात ५० टक्के. हालचाल हे औषध असेल तर त्याचा डोस चुकूही शकतो, आणि तो ठरवायला शिकलेला माणूस लागतो.

खेड्यात तो माणूस मिळत नाही. पायाला लचक भरली की हाडवैद्य, कोल्हापूरकडे तालमीतले वस्ताद. त्यांच्यातल्या कित्येकांच्या बोटांना सांध्याची जाण नक्की असते. पण मोडलेल्या हातावर करकचून बांधलेल्या कामट्यांनी रक्तप्रवाह अडून कायमची वाकडी झालेली बोटंही अस्थिरोग विभागांत येत राहतात. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांची नोंदणी करणारी राज्य परिषद आहे, २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांचा केंद्रीय कायदाही झाला. पदवीधर मात्र पुणे, मुंबई, नाशिक, नागपुरात एकवटतात, कारण पगाराची पदं तिथे आहेत. मराठवाड्यातल्या ऊसतोडणी कामगाराला झटका आला तर दवाखान्यातून सुटी झाल्यावर त्याच्या लुळ्या हाताकडे पाहणारं कुणी उरत नाही.

घरच्यांनाच शिकवून ही उणीव भरता येईल, ही कल्पना आकर्षक होती. भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या १२५० पक्षाघात-पेशंटांवर ती तपासली गेली आणि २०१७ साली निकाल आला. नातेवाइकाला रुग्णालयात आणि घरी थोडं प्रशिक्षण देऊन व्यायामाची जबाबदारी सोपवली, तरी सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन यांचं प्रमाण इतर पेशंटांइतकंच राहिलं. मी यातून घरच्यांना कमी लेखत नाही. रात्री उठून कूस बदलणारी सूनच असते. पण आठवड्या-आठवड्याला व्यायाम बदलणं, खांदा निखळतो आहे का हे ओळखणं, कधी वाढवायचं आणि कधी थांबायचं हे ठरवणं तिच्यावर टाकता येत नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक कायम फिजिओथेरपिस्ट आणि आठवड्यातून ठराविक दिवस त्याची घरभेट एवढं तरी हवं. समांतर दांड्या, एक रुंद बाक, काही वजनं, रबरी पट्टे आणि दोन पायऱ्यांचा लाकडी जिना यांवर खोली उभी राहते. खर्च आहे तो पगाराचा, आणि ती पदं मंजूर करून भरणं राज्याच्या आरोग्य खात्याच्या हातात आहे.